सर्व्हिसनंतर इंजिन ऑइल जास्त भरलंय? आधी हे करा

पहिलीच गाडी, सर्व्हिसनंतर डिपस्टिक (इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी) स्वतः काढून बघितलीत आणि ऑइल जास्त दिसलं; बघितलीत हे फार चांगलं केलंत. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

आधी नीट मोजा. गाडी सपाट जागी हवी, सोसायटीच्या उतारावर नाही. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा म्हणजे ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक पुसा, पूर्ण आत घाला, मग पुन्हा बाहेर काढून वाचा; तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त पातळीच्या दोन खुणा असतात. नवीन माणसाची निम्मी काळजी इथेच मिटते.

वरच्या खुणेपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त असेल तर चालवा. बोटभर वर असेल तर मात्र गाडी चालवू नका. फिरणारा क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य दांडा) त्या ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइलचा दाब टिकत नाही. सील गळू शकतात, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ शकतो.

गॅरेजला फोन करून जास्तीचं ऑइल काढून द्या म्हणा. चूक त्यांची आहे, पैसे देऊ नका. बहुतेकदा मोजमाप न बघता पूर्ण कॅन ओतलेला असतो. माझ्या गाडीत तसंच झालं होतं.

नवखे करतात त्या चुका:
- ऑइल स्वतःच काढायला जॅकवर गाडी उचलून खाली शिरणं. कृपया कधीच नको, जिवाशी खेळ आहे.
- ‘चालवून कमी होईल’ म्हणून वाट बघणं.
- काढलेलं ऑइल गटारात ओतणं.

काढल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही खुणांच्या मध्ये असलं की पुरे.