गच्चीवरच्या तारेला हात लावण्यापूर्वी

पावसाळा लागला की इंटरनेटच्या तारांबद्दल तेच प्रश्न फिरून येतात. त्यातले काही.

प्रश्न : इंटरनेट उपग्रहावरूनच येतं ना?
नाही. देशाबाहेरची ९५ टक्क्यांहून जास्त वाहतूक समुद्रतळावरच्या तारांतून होते. त्यातल्या बऱ्याच तारा मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात.

प्रश्न : त्या तारा शार्क तोडतात असा व्हिडिओ आलाय.
बहुतेक वेळा तोडतात ते जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी. व्हिडिओ कुणाला पुढे पाठवू नका.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात तारा तुटल्या. तेव्हापासून नाशिकला आमचं नेट रोज संध्याकाळी रडतं. अजून दुरुस्ती नाही?
जेद्दाजवळ तुटलेल्या सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन्ही तारा मुंबईला येतात. त्यामुळे युरोपकडच्या वाहतुकीला वळसा पडला. पण रोज संध्याकाळीच, तेही देशातच चालणाऱ्या यूपीआयसकट सगळं अडत असेल तर जेद्दाला बोल लावू नका. एका फायबरवर, म्हणजे प्रकाशातून नेट आणणाऱ्या काचेच्या तारेवर, स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारा डबा) लावून ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात. त्यात नेट पुरवणाऱ्या ऑपरेटरने वरून येणारी क्षमता कमी घेतली की सगळे एकदम बसल्यावर तुंबतं. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, सकाळ-रात्रीचा वेग मोजा आणि आकड्यांसह लेखी तक्रार करा.

प्रश्न : 'फायबर' म्हणून पैसे घेतले, घरात मात्र प्लास्टिकची पिन असलेली निळी तार आली.
ती तांब्याची लॅन केबल. फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंतच आलंय. वेग बरा मिळेलही, पण 'घरापर्यंत फायबर' म्हणून विकणं ही लबाडी आहे. करार वाचा.

प्रश्न : आमच्या फायबरची तार विजेच्या खांबाला बांधून गच्चीवर आणली आहे. पावसात कठड्याला झिणझिण्या येतात. काचेतून वीज जात नाही म्हणतात, मग तार मीच सोडवू का?
अजिबात नाही! काचेतून वीज जात नाही, खरंय. पण ती काच केसाएवढी, १२५ मायक्रॉनची. तिचा भार पेलायला त्याच काळ्या आवरणात बहुधा पोलादी तार असते. खांबावर आवरण घासलं आणि जिवंत तारेला टेकलं, की वीज त्या पोलादातून थेट तुमच्या कठड्यापर्यंत, टाकीच्या पाइपापर्यंत येते. टेस्टर लावून बघू, चप्पल घालून ओढू, हे उद्योग नकोत. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही असं समजू नका. गच्चीला कुलूप लावा, मुलांना वर सोडू नका, १९१२ वर वीज कंपनीला आत्ता कळवा. ऑपरेटर 'उद्या माणूस पाठवतो' म्हणेल. त्याच्या उद्यावर थांबू नका. दोष तिथलाच असेल असंही नाही, पंपाची वायरिंगही असू शकते, म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. मग ऑपरेटरकडून खांब सोडून, पोलाद नसलेली केबल टाकून घ्या. चार पैसे जास्त मागेल, द्या.

प्रश्न : राउटरवरचा एलओएसचा दिवा लाल आहे. ऑपरेटरचा माणूस म्हणतो, राउटर बदला.
लाल एलओएस म्हणजे बाहेरून प्रकाश पोचत नाही. तारेच्या टोकात डोकावू नका. लेझर इन्फ्रारेड असतो, दिसत नाही. त्या माणसाला पॉवर मीटर (प्रकाश मोजायचं यंत्र) लावायला सांगा. आकडा उणे २७ डीबीएमच्याही (प्रकाशाच्या ताकदीचं माप) खाली, म्हणजे उणे ३० वगैरे, असेल तर दोष तारेत, दुरुस्ती ऑपरेटरची. आकडा चांगला असूनही दिवा लालच राहिला, तरच नव्या राउटरचं बोला.