कायदेविषयक प्रश्नोत्तरे : सनद नसलेला ‘वकील’

प्रश्न : जमीन वाटपाच्या दाव्यासाठी आम्ही तालुका न्यायालयाजवळ बसणाऱ्या एका ‘वकीलसाहेबां’ना ८० हजार रुपये दिले. त्यांच्याकडे सनदच (वकिली करण्याचा परवाना) नसल्याचे आता कळले. काय करावे?

उत्तर : पैशांची चिंता स्वाभाविक आहे, परंतु आधी दाव्याकडे पाहा. पक्षकाराच्या नावावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा न्यायालयाच्या कार्यालयात चौकशी केल्यास दावा खरोखर दाखल झाला होता का, हे समजेल. तो गैरहजेरीमुळे निकाली निघाला असल्यास सनदधारक वकिलामार्फत पुनर्स्थापनेचा (दावा पुन्हा सुरू करण्याचा) आणि विलंबमाफीचा अर्ज त्वरित करावा. फसवणूक हे विलंबाचे कारण म्हणून मांडता येते, मात्र कळल्यानंतरही दिरंगाई झाली तर त्या कारणाचे बळ ओसरते.

त्यानंतर वकिलांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडून ती व्यक्ती नोंदणीकृत नसल्याची लेखी माहिती मिळवा. शिस्तभंगाची कारवाई केवळ नोंदणीकृत वकिलांवरच होते, त्यामुळे अशा तोतयाविरुद्ध तेथे निव्वळ तक्रार करून भागत नाही. खरा मार्ग पोलीस ठाण्याचा आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ नुसार अनधिकृत वकिलीस ६ महिन्यांपर्यंत कारावास आहे, तर १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८ व ३१९, म्हणजे फसवणूक आणि तोतयेगिरी, लागू होऊ शकतात. पोलिसांनी गुन्हा न नोंदवल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

रक्कम परत मिळवण्यासाठी स्वतंत्र दिवाणी दावा करता येतो. पावत्या, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरील संदेश जपून ठेवा.