मेनेहुनेंना मराठीत काय म्हणावं?

देवगडकडच्या एक शिक्षिका हवाई बेटांवरची दंतकथा पाचवीच्या मुलांसाठी मराठीत आणताहेत. त्यांचा प्रश्न असा: "मेनेहुने म्हणजे डोंगरदऱ्यांत लपून राहणारी, गुडघ्या-कमरेएवढी माणसं. त्यांना 'बुटके' म्हणू, 'यक्ष' म्हणू, की सरळ 'देवचार'? मुलांना गोष्ट आपली वाटायला हवी."

देवचार नको, एवढं आधी सांगून टाकतो. सिंधुदुर्गातल्या पोराला देवचार म्हटलं की दिसतो तो उंचापुरा राखणदार: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्रीचा गावाच्या शिवेवरून फिरणारा. चालून चालून झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात. माझी आजी तिन्हीसांजेला त्याचं नावही घेऊ द्यायची नाही. पाणंदीच्या तोंडाशी फणसाखाली पान, सुपारी आणि विडीकाडी ठेवायची नि मागे न बघता परतायची. विचारलं तर एवढंच, "जागेवालो आसा, गप ऱ्हव." त्याची ओळख जागेवरून, उंचीवरून नाही. शिवाय तो एकटा. मेनेहुनेंची अख्खी वस्ती.

'बुटके', 'ठेंगू', 'खुजे' हे तिन्ही शब्द हिणवायचे. 'खुजा' तर संस्कृत 'कुब्ज', प्राकृत 'खुज्ज' असा आलेला. मुळात पाठीचं कुबड, मग कमी उंची, आणि आता 'खुजे विचार'. ज्यांच्या हातच्या कामाकडे लोक अजून आदराने बघतात त्यांना हा शब्द लावू नये. यक्ष त्यापेक्षा जवळचे. कुबेराच्या सेवकांत 'गुह्यक' आहेत, 'गुह्' म्हणजे लपवणे, आणि जुन्या शिल्पांत ढेरपोटे, ठेंगणे यक्ष पुष्कळ दिसतात. पण बोलण्यात उरली ती जखीण, म्हणजे यक्षिणी, आणि तिच्या नावाने मुलं पांघरुणात शिरतात.

अंगठ्याएवढी माणसं आपल्याकडे आहेत, ती म्हणजे वालखिल्य ऋषी. पुराणं त्यांची संख्या साठ हजार सांगतात. महाभारताच्या आदिपर्वातला त्यांचा प्रसंग मुलांना जरूर सांगा. कश्यपाच्या यज्ञासाठी इंद्र डोंगराएवढा समिधांचा भारा घेऊन चाललाय, आणि वाटेत हे सगळे मिळून पळसाची एक काडी ओढून आणताहेत. गाईचं खूर उमटलेल्या खळग्यात पाणी साचलंय, त्यातच ते गटांगळ्या खाताहेत. त्या खळग्याला संस्कृतात 'गोष्पद' असा स्वतंत्र शब्द आहे. श्रावणात मळ्याच्या मेरेवरून शाळेत येणाऱ्या मुलांनी अशी शंभर गोष्पदं ओलांडलेली असतात. इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून गेला. त्यांनी रागाने दुसरा इंद्र घडवायला यज्ञ मांडला, त्यातून पक्ष्यांचा इंद्र झाला, तो गरुड. गोष्ट सुंदर, पण हे तपस्वी. रात्री दगड वाहणाऱ्यांना त्यांचं नाव शोभत नाही.

आता मेनेहुनेंची गोष्ट बघा. काउआई बेटावर अलेकोको नावाचं मासे पाळायचं तळं आहे, त्याची दगडी भिंत लांबलचक. ती त्यांनी लांब रांग लावून, दगड हातोहात देत एका रात्रीत घातली म्हणतात. कोणी बघायचं नाही अशी अट होती. बघणारे राजपुत्र-राजकन्या दगड झाले. आणि उजाडेपर्यंत काम पुरं झालं नाही तर ते तिथेच सोडायचं. हे आपल्याला नवं नाही. कोकणात कुठल्याही अपुऱ्या लेण्यापाशी उभे राहा, "पांडवांनी एका रातीत खोदला, कोंबो आरावलो, ऱ्हवला" हे ऐकायला मिळतं. अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दलही हेच सांगतात, तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असताना. आपण त्या रात्रीत भीमाला बघितलं, त्यांनी चिमुकल्या हातांची रांग.

हे हात चिमुकले का, याचा एक धागा नावातच आहे. अभ्यासक 'मेनेहुने'शी ताहितीतला 'मनाहुने' जोडतात. अर्थ, सामान्य, खालच्या दर्जाचे लोक. एक मत असं की आधी मानाने लहान ठरवलेले लोक गोष्ट सांगता सांगता अंगाने लहान झाले.

म्हणून माझं मत 'लहान माणसं'. संस्कृत 'श्लक्ष्ण', म्हणजे गुळगुळीत, बारीक. त्यातून प्राकृत 'लण्ह' आणि मग आपलं 'लहान'. मराठीत त्याचे दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत आहेत. 'लहान तोंडी मोठा घास' वयाचाही असतो, मानाचाही. "आम्ही लहान माणसं, साहेब" असं बंदरावरचा सहा फुटी तांडेल म्हणतो, तेव्हा उंचीचा प्रश्नच येत नाही. मनाहुनेपासून मेनेहुनेपर्यंतची वाट या एका शब्दात चालता येते.

पहिल्यांदा 'मेनेहुने' हे नाव तसंच द्या, मग 'लहान माणसं'. संवाद मालवणीत असतील तर 'बारकी माणसां' करा, मुलं घरी तेच बोलतात. सुरुवात अशी करता येईल: "काळोख पडला, तशी लहान माणसं डोंगर उतरली. कोणी बोललं नाही. पहिला दगड पहिल्या हातातून दुसऱ्या हातात गेला."