सुट्टीत गणित विसरेल का?

"मॅडम, दीड महिना शाळा नाही. पाढे आत्ताच कच्चे आहेत, जूनपर्यंत सगळं धुऊन निघेल." एप्रिलच्या शेवटी हमखास कानावर येणारी ही काळजी. त्या आईने सोबत सुट्टीचं वेळापत्रकच आणलं होतं. सकाळी अबॅकसचा क्लास, दुपारी वजाबाकीची वर्कबुकं, संध्याकाळी पाढे. मुलगी दुसरी संपवून तिसरीत चाललेली. गणिताची वही काढली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आईची भीती अगदीच निराधार नव्हती आणि तसं मी तिला सांगितलंही. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. लांब सुट्टीनंतर मुलं साधारण महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे जातात आणि त्यात आकडेमोडीला जास्त फटका बसतो, असं त्यांना दिसलं. पुढे काही संशोधकांनी या आकड्यावर शंकाही घेतली. शिवाय तिकडची सुट्टी अडीच-तीन महिन्यांची, आपली बरीच लहान. म्हणजे थोडं विसरणं होतं, पण सगळं धुऊन निघत नाही.

मला जास्त चिंता वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मुलीने माझ्यासमोर वजाबाकी केली. 52 मधून 27 गेले, उत्तर 35. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सरळ सातातून दोन काढले होते. वहीभर हीच चूक होती आणि प्रत्येक ठिकाणी लाल फुली. आईला वाटत होतं सराव कमी पडतोय.

मी वही मिटली. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवली. "यातले सत्तावीस रुपये मला दे." तिने दोन नोटा झटकन दिल्या. मग नाण्यांकडे पाहत बसली.

"सुटे नाहीत," ती म्हणाली.

"मग दुकानात काय करतात गं?"

"काका सुटे करून देतात."

बाजूच्या डब्यात नाणी होती. तिने एक नोट डब्यात टाकली, दहा नाणी मोजून घेतली, त्यातली सात मला दिली आणि उरलेले पैसे दोनदा मोजले. पंचवीस. मग कुणी न सांगता वही उघडून तिने 35 खोडलं. पाठ्यपुस्तकातलं दशक सुटं करणं तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आता विचार करा, या मुलीने सुट्टीभर रोज वीस वजाबाक्या केल्या असत्या तर काय झालं असतं? चुकीची पद्धत पक्की झाली असती आणि भीतीही. न समजलेल्या गोष्टीचा सराव लहान वयात फार महागात पडतो, हे मी पालकांना पुनःपुन्हा सांगते.

आईशी मी स्वतंत्र बोलले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मला स्वतःला गणित कधीच जमलं नाही हो. म्हणून तर हिच्या मागे लागते." घरी शिकवताना आवाज चढायचा, शेवट दोघींच्याही रडण्यात व्हायचा. 2015 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी पहिली-दुसरीच्या मुलांचा अभ्यास केला होता. ज्या पालकांना गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि मुलांची स्वतःची धास्तीही वाढली. मदत कमी करणाऱ्या पालकांच्या बाबतीत मात्र असं दिसलं नाही. मी हे सांगितलं तेव्हा त्या माऊलीचे डोळे भरले. दोष तिचा नव्हताच. ती तिच्या परीने लेकीला वाचवायला धडपडत होती. मी एवढंच मागितलं की सुट्टीत तुम्ही शिकवायचं नाही, खेळायचं. आणि "मलाही जमत नव्हतं" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायचं नाही.

वेळापत्रक आम्ही बाजूला ठेवलं. आठवड्यातून चार-पाच दिवस, दहा-पंधरा मिनिटं, बस. पत्त्यांतून गुलाम-राणी-राजा आणि दश्श्या काढायच्या. दोघींनी दोन-दोन पानं घ्यायची, त्यांची दोन अंकी संख्या करायची. जिची मोठी, तिला दोन्हींतल्या फरकाइतके गुण. अडलं तर नोटा-नाणी हाताशी. सापशिडी दोन फाशांनी खेळायची आणि सोंगटी हलवण्याआधी कुठल्या घरात पोचणार ते सांगायचं. उत्तर बरोबर असो की चूक, आईने एकच विचारायचं, "कसं काढलंस?" बरोबर उत्तरालाही हे विचारणं फार गरजेचं आहे. नाहीतर मूल ओळखतं की प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलंच.

मिरजेजवळच्या आजोळी ती तीन आठवडे राहणार होती. तिथे अभ्यासाची वही पाठवू नका, असं मी आग्रहाने सांगितलं. उन्हाळ्यात आजोळ म्हणजे गच्चीवर कुरडया. आठ-आठच्या सहा रांगा घातल्या तर किती, अजून दोन रांगा वाढल्या तर किती, हा गुणाकार डोळ्यांसमोर मांडलेला असतो. आंब्याच्या पेटीतला थर, हाताच्या पेरांवर अंगठ्याने मोजलेला डझन, बाजारात भाजीचे झालेले पैसे. आजीला तर पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, तोंडपाठ निघाली. दिवेलागणीला आजी पावकी म्हणणार आणि नात पाचाचा पाढा, असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं.

जूनमध्ये मायलेकी पुन्हा आल्या. पोटदुखी बरीच कमी झाली होती. 52 मधून 27 ती आता नोटांशिवाय करत होती. 60 मधून 24 मात्र अजून चुकतं, शून्य आलं की गोंधळते. सहा-साताचे पाढेही डळमळीतच आहेत. तिसरीच्या वर्गात त्यांची उजळणी होणार आहेच. त्या बाईंना मुलीची चूक नेमकी कुठे होते ते चिठ्ठीत लिहून द्या, असं मी आईला सुचवलं.

प्रत्येक मुलाचं इतक्यावर भागेल असं मात्र नाही. वस्तू हातात देऊन, महिनोन्महिने खेळूनही दुसरी संपलेल्या मुलाला आठ मोठे की सहा हे पटकन सांगता येत नसेल, पाच आणि दोनसाठी दर वेळी एकपासून बोटं मोजावी लागत असतील, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातल्या मुळातल्या अडचणीची, शक्यता तपासून घ्यायला हवी. अशा मुलाला आळशी म्हणू नका, शिकवणी लावून पाहू म्हणून वर्षं घालवू नका. निदान झालं तर विशेष शिक्षकांची मदत मिळते, पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. तपासणीसाठी शाळा उघडायची वाट पाहायचंही कारण नाही. सुट्टीत मूल निवांत असतं, तेव्हाच ती करून घ्या.