टाचेचं फ्रॅक्चर: छोट्या छेदातून स्क्रू की मोठी प्लेट?

ताई, भाऊ शिडीवरून थेट टाचेवर पडलाय, एक डॉक्टर मोठा छेद घेऊन प्लेट म्हणतायत आणि दुसरे छोट्या छेदातून स्क्रू, तर कोणाचं ऐकायचं असं विचारलंत. मी डॉक्टर नाही, पण आमचे हे सहा वर्षांपूर्वी आंबे काढताना झाडावरून पडले आणि उजवी टाच फुटली, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय.

आधी सीटी स्कॅन झालाय का ते बघा. एक्सरेत हाड चपटं झालंय एवढं कळतं, पण वरचा सांधा किती तुकड्यांत फुटलाय ते सीटीतच नीट दिसतं आणि त्यावरून सँडर्स टाइप १ ते ४ ठरतो, म्हणजे सांधा किती फुटलाय त्याची प्रतवारी. टाइप १ मध्ये तुकडे हललेले नसतात, बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. ४ म्हणजे सांध्याचा चुरा, तिथे छोट्या छेदाचा फारसा उपयोग होत नाही. छोट्या छेदाचा खरा प्रश्न २ आणि ३ मध्ये येतो.

त्यातही दोन प्रकार. टाचेच्या मागचा तुकडा सांध्यासकट एकसंध वर उचकटला असेल तर मागून जाड पिन घालून, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना दाखवणारं एक्सरे मशीन) बघत, तरफेसारखा खाली बसवतात आणि भोकांतूनच स्क्रू टाकतात. पिनने तरफ देण्याची ही युक्ती जुनीच आहे, एसेक्स-लोप्रेस्टी या सर्जनच्या १९५२ च्या लेखातली. सांधा आत दबला असेल तर बाहेरच्या घोट्याखाली तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात, सायनस टार्साय म्हणतात त्याला, तिथून सांधा डोळ्यांनी बघून उचलतात आणि स्क्रू किंवा छोटी प्लेट बसवतात. मोठ्या एल आकाराच्या छेदात सगळं छान दिसतं, पण तिथली कातडी पातळ, जखमेची कड काळी पडायची आणि इन्फेक्शनची भीती जास्त, त्यातून भावाला शुगर किंवा तंबाखू असेल तर विचारूच नका. आमच्या ह्यांची तंबाखू डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद करायला लावली.

मात्र छोट्या छेदाला दिवस थोडे असतात, साधारण दोन आठवड्यांनंतर तुकडे चिकटायला लागतात आणि मग आतून हलवणं अवघड. सूज मात्र उतरायला हवी. आमच्या ह्यांचे डॉक्टर रोज सकाळी यायचे, पाऊल वर वळवून बाहेरच्या कातडीला सुरकुत्या पडतायत का बघायचे, नवव्या दिवशी पडल्या तेव्हा तारीख दिली. पण मागची कातडी ताणून पांढरी किंवा काळपट दिसत असेल तर थांबू नका, तो उचकटलेला तुकडा आतून कातडी मारतो, आजच्या आज दाखवा.

ऑपरेशन न करणं हाही पर्याय आहे हं. ब्रिटनमधल्या १५१ पेशंटच्या अभ्यासात (२०१४) दोन वर्षांनी मोठ्या छेदाचं ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात फारसा फरक नव्हता, उलट कॉम्प्लिकेशन ऑपरेशनवाल्यांना जास्त. टाच फार वेडीवाकडी झालेले पेशंट त्यात घेतले नव्हते, म्हणून तो सरसकट लावू नका.

आणि कंबरेचा एक्सरे काढलाय ना? ह्यांची पाठ दुखतेय हे आम्ही पहिल्या ठिकाणी दोन दिवस सांगत होतो, कोणी बघितलं नाही, नंतर मणका दबलेला निघाला. सीटीची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको, आणि दोन्ही डॉक्टरांना तीच सीडी दाखवून एकच विचारा, सांधा तुम्ही कसा बघणार आणि कसा जागेवर आणणार.