होडीच्या तळाला पावडर बाइंडरची ग्लास मॅट घ्यावी की इमल्शनची?

ग्लास मॅट म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, आणि बाइंडर म्हणजे ते तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. पाण्यात राहणाऱ्या तळाला पावडर बाइंडरचीच मॅट घ्या, चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाची. पावडर म्हणजे पॉलिएस्टरच, ते रेझिनमधल्या (मॅट भिजवायच्या राळेतल्या) स्टायरीन या द्रावकात विरघळून जातं. इमल्शनचा बाइंडर सहसा पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचा) असतो. तो ओल धरतो आणि पाण्यात राहून लॅमिनेट (मॅट आणि रेझिनचा घट्ट झालेला थर) पांढरट पडतं. इमल्शनची मॅट मऊ असते, वळणावर छान बसते, पण ती कोरड्या वापराच्या वस्तूंना ठीक. दुकानात दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात, म्हणून रोलवरचं लेबल वाचूनच घ्या. सुटा तुकडा घेऊ नका. एका चौरस मीटर मॅटला साधारण 1 किलो रेझिन लागतं, हार्डनर (रेझिन घट्ट करणारं पेरॉक्साइड) 1 ते 2 टक्के, आणि एका थराची जाडी जेमतेम 1 मिलिमीटर भरते. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो, इथे हयगय नकोच. मुंबईच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला रोल दमट होतो. मग रोलर कितीही फिरवला तरी धागे पांढरेच राहतात आणि थर सुटतो. म्हणून रोलवरचं प्लास्टिक मॅट लावायच्या दिवशीच फोडा, तळ आधी घासून पूर्ण वाळवा. हे सगळं पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टर रेझिनसाठी. इपॉक्सी रेझिनमध्ये स्टायरीन नसतं, बाइंडर विरघळत नाही. तिथे मॅटऐवजी विणलेलं ग्लास कापड घ्या.