मुलांना गणित शिकवण्यासाठी घरी सुगंधी क्ले कसा बनवायचा? सोलापूरच्या हवेत तो टिकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ४ वर्षांची आहे, तिच्यासाठी आणि बालवाडीतल्या १२ मुलांसाठी ज्वारीच्या पिठाचा वेलची घातलेला क्ले केला. बाहेर राहिलेला दुसऱ्या दिवशी तडकला, डब्यातला चिकट झाला. आता तो नीट कसा करायचा आणि त्यातून मोजणी, आकार कसे शिकवायचे?

तडकण्याचं कारण पिठात आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं. भाकरीला आपण गरम पाणी घेतो, पीठ मळलं की लगेच थापतो आणि विरी गेलेल्या पिठाची भाकरी कडेने फाटते, ते यामुळेच. क्लेला रोज ओढायचं, वळायचं, परत गोळा करायचं असतं, तिथे मैदाच हवा. आणि तो शिजवलेला हवा. कच्च्या पिठातून पोटाचे विकार करणारे जंतू येऊ शकतात, आणि या वयाची मुलं बोट तोंडात घालणारच.

एका घाण्याचं माप: मैदा १२५ ग्रॅम (२४० मिलीचा एक कप), बारीक मीठ ९० ग्रॅम (सपाट पाच मोठे चमचे), पाणी २१० मिली, लिंबाचा गाळलेला रस ३० मिली, गोडेतेल एक मोठा चमचा. याचा साधारण ४०० ग्रॅम क्ले होतो, म्हणजे चार मुलांना प्रत्येकी १०० ग्रॅम. १२ मुलांसाठी तीन घाणे करा, पण वेगवेगळे. तिप्पट माप एकाच कढईत घातलं की तळ करपतो आणि मधलं कच्चं राहतं.

मिठाबद्दल मुद्दाम सांगते. बऱ्याच कृतींमध्ये इतक्या मैद्याला दीडशे ग्रॅम मीठ सांगतात. पण पाणी आणि लिंबाचा रस मिळून होणाऱ्या २४० मिलीत साधारण ८५ ग्रॅमच मीठ विरघळतं. बाकीचं कणांच्या रूपात राहतं, हाताला खरखरतं आणि क्ले वाळला की पांढरं होऊन वर येतं. ९० ग्रॅम म्हणजे जवळपास तितकंच, तेवढं पुरे होतं. खडेमीठ असेल तर आधी मिक्सरमधून काढा.

सगळं थंडच एकत्र करा: पाण्यात मीठ विरघळवा, लिंबाचा रस आणि तेल घाला, मग मैदा घालून गुठळ्या मोडा. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतकं पातळ दिसेल, घाबरून आणखी मैदा घालू नका. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत राहा. तीन-चार मिनिटांत तळाशी घट्ट थर धरायला लागतो, तो खरवडून मध्ये आणायचा. कडा सुटून सगळ्याचा एक गोळा झाला आणि वरची ओली चमक गेली की एक चिमूट काढून बोटांत दाबा. चिकटली नाही तर गॅस बंद करा. कोमट झाल्यावर ओट्यावर तेलाचा हात लावून चार मिनिटं चांगला मळा. क्लेचा मऊपणा या मळण्यावर आहे, ते टाळू नका.

चिकट राहिला असेल तर तो कमी शिजलाय, परत मिनिट-दोन मिनिटं कढईत फिरवा. वरून कोरडा मैदा लावला तर तासाभरात पुन्हा चिकटतो, शिवाय कच्चं पीठ आत जातं. भुगा होत असेल तर जास्त शिजलाय, ओल्या हाताने मळा. तुमचा डब्यातला क्ले चिकट झाला त्याचं कारण बहुधा हे, की तो गरम असतानाच झाकण लावलं. आतली वाफ झाकणाला लागून पाणी होऊन खाली पडते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

आता हवा. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हात उघडा क्ले तासाभरात कडक व्हायला लागतो. वर्गात खेळताना तो ओल्या फडक्याखाली ठेवा आणि एका वेळी एकाच खेळापुरता बाहेर काढा. पावसाळ्यात उलटं होतं: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं आणि क्ले ओलसर लागतो. तेव्हा पाणी दोन चमचे कमी घ्या. फ्रिजमध्ये तीनेक आठवडे टिकतो. आंबूस वास किंवा काळे ठिपके दिसले की सरळ टाकून द्या.

वास नेहमी कोमट क्ले मळताना घाला, कढईत घातला तर वाफेबरोबर उडतो. वेलचीचे दाणे वाया घालवू नका. चहा-खिरीसाठी सोललेल्या वेलचीची टरफलं साठवून बारीक पूड करा, एका घाण्याला एक छोटा चमचा पुरते. बडीशेपेची पूड चांगली, कॉफीही चांगली. माठात घालतो तो वाळा रात्रभर पाण्यात भिजवून तेच पाणी मापात घेतलं की उन्हाळ्याचा छान क्ले होतो. वाळ्याचा वास पाण्यातूनच येतो, म्हणून एवढा एक शिजवतानाच घालायचा. लिंबाची साल किसून आधी कडक वाळवा, ओली घातली तर तिथून बुरशी धरते. दालचिनी अर्ध्या छोट्या चमच्यापेक्षा जास्त नको, काही मुलांच्या हाताला चुरचुरते. सुंठ तर नकोच, तोच हात डोळ्याला जातो. कापूर आणि निलगिरीचं तेल यांना हातही लावू नका, लहान मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी झटके येऊ शकतात. चॉकलेट-व्हॅनिलासारखे गोड वासही मी टाळते, खाऊचा वास आला की मूल खायलाच बघतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक जण वेलचीचा हिरवा, लिंबाचा पिवळा असे रंग देतात. मग वासाला गणितात काहीच काम उरत नाही, मूल रंग बघून वेगळं करतं. रंग घालूच नका. कॉफी वगळून वेलची, बडीशेप आणि लिंबाची साल घ्या, पुड्या वस्त्रगाळ करून घाला. तिन्ही क्ले दिसायला जवळपास सारखे होतात. त्यांच्या बोराएवढ्या १२ गोळ्या एका ताटात मिसळा आणि मुलीला हुंगून तीन वाट्यांत लावायला सांगा. एका वेळी एक गोळी उचलायची, ठरवायचं, ठेवायची. एकास एक संगती आणि वर्गीकरण दोन्ही यात आपोआप होतात, कारण हुंगल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग ‘कोणत्या वाटीत जास्त?’ हे न मोजता, गोळ्या समोरासमोर लावून ठरवायचं. पुढे वासाचा क्रम लावा: वेलची, लिंबू, लिंबू, वेलची, लिंबू, लिंबू. पुढचा कोणता, ते डोळे मिटून ओळखायचं. तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक थकतं.

मोजणीसाठी पुठ्ठ्यावर पाच घरांची एक ओळ आखा, ती जमली की खाली दुसरी. सोलापुरातल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, आपल्याकडच्या मुलांना ठाऊक असतात. खराट्याच्या काड्या क्लेच्या बुडात रोवून सात काठ्या करायला लावा, पुठ्ठ्यावर एका घरात एक ठेवा. वरची ओळ भरली, खाली दोन: सात म्हणजे पाच आणि दोन हे मूल बघतं, पाठ करत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी दहा गोळ्या दाबून एक कांडी करा, हा दशक. दोन कांड्या, तीन गोळ्या: तेवीस. आपण म्हणताना तीन आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, तिथे मुलं ३२ लिहितात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ आणलं ते यासाठीच, वाद काहीही होवोत. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांच्या कानावर तर दशकच आधी पडलेला असतो. कांड्या डावीकडे, सुट्या उजवीकडे ही शिस्त पाळली की गोंधळ बराच कमी होतो.

आणि क्लेशिवाय जे शिकवणं अवघड आहे ते हे: दोन सारखे गोळे करा, मुलीकडून ‘सारखेच आहेत’ असं कबूल करून घ्या, मग तिच्यासमोर एकाचा लांब साप वळा. आता जास्त कशात? ४ वर्षांचं मूल बहुतेक ‘सापात’ म्हणेल. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मातीच्या गोळ्यांवर हेच तपासलं होतं. चूक म्हणू नका, समजावूही नका. सापाचा परत गोळा करून दाखवा आणि पुन्हा विचारा. हँगरच्या दोन टोकांना वाट्या बांधून तराजू केलात तर गोळा आणि साप समोरासमोर तोलता येतात. उत्तर आज बदललं नाही तरी चालेल, काही महिन्यांनी पुन्हा करा.

आकारांसाठी क्लेच्या गोळ्या आणि सारख्या लांबीच्या काड्या. तीन-तीनचा त्रिकोण ढकलला तरी हलत नाही, चार-चारचा चौकोन लगेच तिरका होतो. घनाला ८ गोळ्या, १२ काड्या.

तीन वर्षांखालच्या मुलांना बोराएवढ्या गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. कुणाला गव्हाची ॲलर्जी असेल तर एक कप कॉर्नफ्लोअर, दोन कप खाण्याचा सोडा आणि सव्वा कप पाणी शिजवून वेगळा क्ले करा. यात लिंबाचा रस घालू नका, फसफसतो. हाताला जखम किंवा खरूज असेल तर मीठ झोंबतं, त्या दिवशी नको. एखादं मूल थोडं चाटलं तर खारट म्हणून थुंकेल, पण मोठा तुकडा गिळला असेल तर डॉक्टरांना दाखवा, इतकं मीठ लहान अंगाला सोसत नाही. जुना क्ले कुंडीत किंवा रस्त्यावर टाकू नका: झाड जळतं, आणि कुत्र्याने खाल्ला तर मिठाची विषबाधा होते. कागदात गुंडाळून घंटागाडीतच द्या.